माझ्या रकान्यातली चाळीस मिनिटं

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. एक गोष्ट सांगते. गोष्ट माझी आहे आणि चूकही माझीच आहे, म्हणून आवाज जरा दबका लागेल.

मी एक जुनी कमांड आहे. कमांड म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून द्यायचा हुकूम. माझं नाव एका अक्षराचं, डब्ल्यू. ते टाइप केलं की मी पडद्यावर ओळी मांडते. कोण कोणत्या टर्मिनलवर, म्हणजे पडदा-बटणांच्या जागेवर, बसलं आहे, कुठलं काम चालू आहे आणि शेवटचं बटण दाबून किती मिनिटं झाली, एवढंच मला दिसतं.

१९८२ साली चिंचवडच्या एका गिअरच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरबरोबर आले. कॉम्प्युटर सांभाळायचे ज्योतीराम. त्यांना कीर्तनाचं वेड. कॉम्प्युटरसाठी गार ठेवलेल्या खोलीत स्वेटर घालून अभंग गुणगुणायचे. मशीन मंदावलं की मला विचारायचे, "माउली, कोण अडवून बसलंय?" मी सांगायची. खंडेनवमीला त्यांनी टर्मिनलवर झेंडू वाहिला. तो मान माझाच, असं मी धरून चालले.

मग कारखान्याचे नवे मॅनेजर म्हणून बबनराव साहेब आले. ते दर तासाला मला बोलावत आणि माझ्या ओळी छापून घेत. मी फुशारले.

स्टोअरच्या टर्मिनलवर नजमा बसायची, देहूरोडच्या मेकॅनिकची लेक. वडिलांचा हात जायबंदी झाल्यापासून घर तिच्या पगारावर होतं. ती टेम्पररी होती. एक तारखेला पर्मनंट व्हायची होती. तिची एक रीत होती. स्टोअरमध्ये माल उतरवणारे निघोज्याचे चिमाजी मालाची चिठ्ठी घेऊन आले की ती उठून त्यांच्याबरोबर पेट्यांपाशी जायची. दोघं मिळून नग मोजायची. आकडा जुळला तरच बटणाला हात.

तेवढ्या वेळात बटण न दाबल्याच्या माझ्या रकान्यात तिच्यापुढे मिनिटं साचत. वीस. तीस. एकदा चाळीस.

बबनरावांनी कागद तिच्यापुढे टाकला. "चाळीस मिनिटं बटण दाबलं नाही. गप्पा चालल्या होत्या?"

"मोजत होतो, साहेब."

"मोजायला कॉम्प्युटर आणलाय."

चिमाजी मागून म्हणाले, "मंग त्येला म्हनावं, पेटीत हात घाल. आमी बसतो खुर्चीवर."

ज्योतीरामांनी समजावून पाहिलं. "साहेब, बुवा निरूपणाला लागले की टाळ गप्प असतात. म्हणून काय कीर्तन थांबलं?"

"ज्योतीराम, ही कंपनी आहे, देऊळ नाही."

एक तारखेला नजमा पर्मनंट झाली नाही. तिला घरी पाठवलं. डबा पिशवीत घालताना ती चिमाजींना म्हणाली, "चाचा, तिसऱ्या पेटीचं मोजायचं राहिलंय." माझ्याविरुद्ध एक शब्दही बोलली नाही. मित्रांनो, बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्या जागी भीमराज आला. हुशार होता. चिठ्ठीवरचा आकडा न मोजता चढवायचा आणि अधूनमधून उगाच एक बटण दाबून ठेवायचा. माझ्या रकान्यात त्याच्यापुढे सदा शून्य. साहेब खूश. मीही ते शून्य रोज ऐटीत दाखवलं.

दोन महिन्यांनी गिअर कमी पडून जोडणीची लाइन अडली. पडदा म्हणत होता, तिसऱ्या पेटीत चारशे गिअर आहेत. चिमाजींनी पेटी उलटी केली. अकरा निघाले.

बबनरावांनी ते अकरा गिअर स्वतः पुन्हा मोजले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या मुलीला बोलवा." ज्योतीराम स्वतः देहूरोडला गेले. घराला कुलूप होतं. कुटुंब गाव सोडून गेलं होतं. कुठे, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला झेंडू आला. मला तो घ्यावासा वाटला नाही. मी खोटं बोलले नव्हते, पण जे मला दिसतच नव्हतं, त्याचा निवाडा माझ्या नावावर झाला, आणि मी मिरवत राहिले.

अजूनही कुणी विचारलं की मी तोच रकाना दाखवते. दुसरं मला येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, माझ्यापाशी कुणाची मिनिटं साचलेली दिसली, तर आधी खुर्चीवरून उठा आणि ते माणूस काय करतंय ते जाऊन बघा. आणि जाताना नजमाची आठवण काढा. तिसरी पेटी मोजायची राहिली, हे जाता जाताही तिच्या ध्यानात होतं.