दुकानाच्या लेटरहेडवर

पदवीला माझी सरासरी दहापैकी पाच पॉइंट दोन आली, आणि त्याला घरचं आजारपण, गरिबी, भूकंप, काही म्हणजे काही कारण नव्हतं. मी आळशी होते. तीन वर्षं लोळले, मोबाईल बघितला, मैत्रिणींबरोबर हिंडले आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी देवाला हात जोडले. त्यानेही पाच पॉइंट दोनच दिले.

आता सत्ताविसावं सरत आलंय. कुरिअर कंपनीत हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकते. जिला मी काम शिकवलं तीच परवा माझ्या डोक्यावर येऊन बसली, का तर बाई एमबीए. म्हणून मीही जिद्दीने प्रवेश परीक्षा दिली, चांगले मार्क काढले, तरी ती सरासरी बघून पाच कॉलेजांनी दारातूनच वाटेला लावलं. उरलं एक. त्यांच्या फॉर्मवर लिहिलं होतं, सरासरी सहाच्या खाली असल्यास कारण लिहा, पुरावा जोडा, चौकशी केली जाईल. मी हे वाचलं त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत मुदत.

साडेतीनला मी बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात घुसले. बाबा मशीन उघडून अडकलेला कागद ओढत होते. या माणसाने मला काउंटरच्या आत कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. शाळेत असताना एकदा नुसती स्टेपलर घेऊन बसले, तर पार घरापर्यंत पिटाळलं होतं, "तू पुस्तक धर" म्हणून.

"बाबा, एक पत्र हवंय. दुकानाच्या लेटरहेडवर."

"कसलं गं?"

मी एका दमात सांगून टाकलं. तुम्ही आजारी होतात, कॉलेजची तिन्ही वर्षं तुम्ही मला दुकानात बसवलंत, म्हणून माझा अभ्यास झाला नाही.

बाबांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"मी बसवलं?"

"फक्त कागदावर, बाबा. पाया पडते तुमच्या. माझ्याकडे दुसरं काही नाहीये. इथेही नाही झालं तर मी जन्मभर पार्सलंच शोधत बसणार." मला रडू आवरेना.

वाटलं, आता एक ठेवून देतात. दिली असती तर बरं झालं असतं. पण ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले.

"रोज किती तास लिहू?"

"चार."

"चार तासांनी एवढे मार्क जातात होय? आठ लिहितो."

पाठीचं दुखणं त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं. शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. 'मुलीच्या शिक्षणाचे नुकसान केवळ माझ्यामुळे झाले.' सही केली, शिक्का मारला, स्कॅन करून दिलं. चार चाळीसला माझा फॉर्म गेला. पोचल्याचा मेसेज आला आणि, सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या औषधांच्या दुकानातल्या काकू कागद घेऊन आल्या. त्यांनी ते दुकान गेल्याच वर्षी घेतलंय.

"अय्या, ही तुमची लेक का? कधी दिसत नाही दुकानात!"

"आता कशी दिसेल?" बाबा म्हणाले. "कॉलेजात होती तेव्हा रोज आठ-आठ तास इथेच असायची. मीच बसवून ठेवली होती."

"अहो, शिकत्या मुलीला? असं कसं केलंत हो?"

"चुकलंच माझं. हुशार होती, मी वाटोळं केलं."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाबांशी एक अक्षर न बोलता कागद पुढे सरकवले. उद्या कुणी चौकशीला आलं तर काकू काय सांगतील, हे मला कळत होतं. बाबांनाही कळत होतं. मी "नाही हो काकू" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.