पेला हातात धरलेली बाई

माझा नवरा लेनर्ट घरगुती चित्रं काढतो. पसरलेली भांडी, मासा पळवणारं मांजर, एकमेकांच्या झिंज्या ओढणारी पोरं आणि मधोमध हातात पेला धरून खुर्चीत लोळलेली बाई. धडा काय, तर बायांनो, अशा वागू नका. अख्ख्या लायडन शहरात हा धडा हातोहात खपतो. ती बाई मी आहे.

चित्राला परकी बाई बसवली तर पैसे पडतात, बायको फुकट. पहाटेपासून उंबरा घासून, धुणं उकळून, पाव भाजून दुपारी माझा डोळा लागला, की हा माझ्या बोटांत रिकामा पेला अडकवतो आणि रंगवायला बसतो. माझी दमलेली झोप त्याने दारूची म्हणून विकली, याचा मला संताप येतो.

पापभीरू बाई काढायची असली की मात्र कोपऱ्यावरच्या गुत्त्यातली ट्रेयन येते. ढोसल्यावर ती तासन्‌तास हलत नाही. बायबल उलटं धरते, लेनर्ट चित्रात सुलटं करतो.

यंदा अनाथाश्रमात कपड्यांची कोठी सांभाळायला बाई हवी होती. राहायला दोन खोल्या, सरपण, आणि मुख्य म्हणजे लेनर्टपासून लांब. मला ती जागा मनापासून हवी होती. टोपी कडक करून मी आश्रमाच्या कारभारीण मादलेन बाईसाहेबांकडे गेले. त्यांच्या मागे भिंतीवर मीच लोळत होते.

त्यांनी मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "तरीच म्हटलं, कुठे पाहिलंय."

"बाईसाहेब, ते नुसतं चित्र आहे."

"मासा मांजराने नेला, तरी जाग नाही तुम्हाला."

"आमच्याकडे मांजरच नाही हो."

"पळालं असेल. अशा घरात कोण राहील?"

मी टोपी सारखी केली.

"शिवाय बाई ठरली आमची," त्या म्हणाल्या. "माडीवर तिचं चित्र आहे. पाळण्याशी बसून बायबल वाचते. चेहऱ्यावरच संसार दिसतो."

एवढ्यात ट्रेयन आत आली. कमरेला आश्रमाच्या किल्ल्या होत्या. माझ्याकडे बघून तिने हळूच डोळा मारला.

घरी आले. लेनर्टने माझं तोंड पाहिलं आणि लगेच ब्रश उचलला.

"हिल्ले, अश्शीच उभी राहा. नवऱ्याला हाणणारी कजाग बायको गिऱ्हाईक केव्हाचं मागतंय. तो लाकडी जोडा घे बघू हातात."

"घेतला."

"जरा वर धर. आणि खरं वाटू दे गं. दर वेळी झोपतेस नुसती."

"अहो, सोंग मला कधीच जमलं नाही," मी म्हणाले.

ते चित्र पुरं व्हायला वेळ लागला, कारण लेनर्टचा हात बरेच दिवस झोळीत होता. पण उतरलं झकास. मादलेन बाईसाहेबांनीच ते घेतलं आणि पोरींना धडा म्हणून आश्रमाच्या जेवणघरात लावलं. आश्रमात मला जागा मिळाली ती अशी.