कपाटातलं हँडल

मी एक जुनी ट्रॉली आहे. झोपलेल्या पेशंटला वॉर्डातून ऑपरेशनला, तिथून परत खाटेवर नेतात ना, ती चाकांची ट्रॉली. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात असते. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्याच मला भंगारात घालतील. आज मात्र मी गप्प बसणार नाही. मित्रांनो, मला फार राग आला आहे.

माझा जन्म कुपवाडच्या एका वर्कशॉपमधला. नाथाजी नावाच्या वेल्डरने मला जोडलं. वीस वर्षं ओणवं राहून वेल्डिंग करणारा हा माणूस. उठताना दोन्ही हात मांड्यांवर ठेवून उठायचा. माझ्या पायथ्याशी त्याने एक हँडल बसवलं. ते फिरवलं की मी वर यायचे, उलटं फिरवलं की खाली जायचे. खाटेच्या उंचीला आणून लावलं की पेशंटला नुसतं चादरीने सरकवायचं, उचलायची गरजच नाही. नाथाजीने ते दहा वेळा फिरवून पाहिलं आणि मालकाला म्हणाला, "आता माणसानं वाकायचं न्हाई. लोखंडानं वर यायचं."

पहिली चार वर्षं माझं फार कौतुक झालं. नंतर एके दिवशी पेशंटला भेटायला आलेल्या एका बाईंची पैठणी त्या हँडलात अडकून फाटली. बाई मोठ्या घरच्या होत्या. आरडाओरडा झाला. आमचे सुपरवायझर इंद्रजितसाहेब धावत आले, हँडल काढलं आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "लागेल तेव्हा मागून न्या," म्हणाले.

ते दिवसाला चाळीस वेळा लागायचं. किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब कधी या इमारतीत, कधी त्या. आठ दिवस लोकांनी शोधाशोध केली, मग मागणंच सोडून दिलं. मी अगदी खालच्या उंचीवर, गुडघ्याएवढी, अडकून पडले. एका साडीसाठी! सहा वर्षं!

तेव्हापासून पेशंटला खाटेवरून माझ्यावर घ्यायचं म्हणजे कमरेतून वाकून खाली उतरवायचं, आणि परत तसंच वर उचलायचं. हे काम मनुबाई करायची. पाटणकडची, पन्नाशीला आलेली, सगळ्या वॉर्डाची मावशी. तिची कंबर हळूहळू धरली. मग डाव्या पायाला टाचेपर्यंत मुंग्या येऊ लागल्या. ती जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला आवळून बांधायची आणि वरून निळा कोट चढवायची, म्हणजे कुणाला दिसायला नको.

लपवायची, कारण ती कंत्राटावर होती. डॉक्टरांनी 'जड उचलू नका' असं लिहून दिलं की काम गेलंच. तिने फक्त जोडीदारीण रंगुबाईला सांगितलं होतं. रंगुबाई म्हणायची, "आगं, हँडल माग की सायबाकडं." मनुबाई म्हणायची, "नगं गं. कशापायी इचारतीस, म्हंतील."

माझ्यावर येणारे निम्मे लोक कंबर, मान नाहीतर गुडघे धरून येतात. उसाच्या मोळ्या वाहिलेले, एसटी चालवलेले, दिवसभर शिलाई मशीनवर बसलेल्या बायका. डॉक्टर त्यांना बजावतात, जड उचलू नका, वाकू नका. आणि हे ऐकणाऱ्या पेशंटला तेवढ्यात मनुबाई वाकून उचलत असायची. कुणालाच यात काही विचित्र वाटलं नाही. मला वाटायचं, पण मी पडले लोखंडाची.

श्रावणात मानसिंग नावाचे निवृत्त फौजी आले. मणक्याचं दुखणं, उंच, धिप्पाड गडी. ते म्हणाले, "आवं मावशी, ऱ्हाऊ द्या. मी येतो सरकत."

"गप पडा दादा. पाय खाली टाकू नका," असं म्हणून मनुबाई वाकली. रंगुबाई पलीकडून होती. मानसिंग अर्धवट उचलले गेले आणि मनुबाईच्या तोंडून "आई गं" निघालं. तिने त्यांना सोडलं नाही. नीट माझ्यावर ठेवलं, उशी सारखी केली, आणि मग तिला सरळच होता येईना. ओणवीच राहिली, माझा दांडा धरून.

इंद्रजितसाहेब आले. म्हणाले, "गुडघ्यात वाकून उचलायचं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की तुम्हाला!"

चूक तिच्या गुडघ्यांची! मी थरथरले असते, पण माझं एक चाक गंजून अडकलेलं आहे.

रंगुबाई म्हणाली, "सायेब, आदी हँडल द्या."

"बघू," म्हणाले.

मनुबाई घरी पडून राहिली. तिचं काम गेलं, जागी दुसरी बाई आली. नवरात्रात दुखणं इतकं वाढलं की तिला आमच्याच वॉर्डात भरती केलं. ऑपरेशन खंडेनवमीच्या दिवशी सकाळी ठरलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या उपकरणांची पूजा होते. आणि मित्रांनो, माझं हँडल दरवर्षी त्याच दिवशी कपाटातून बाहेर येतं! पाटावर लाल कापड, त्यावर बीपीचं मशीन, कात्र्या आणि मधोमध माझं हँडल. हळदकुंकू, झेंडू, आरती. संध्याकाळी परत कुलपात. माझ्या गळ्यातही हार घालतात. चाकात मात्र तेलाचा एक थेंब सोडत नाहीत.

यंदा आरती सुरू असताना रंगुबाई मला न्यायला आली. तिने पाटाकडे पाहिलं, पुढे झाली आणि हँडल उचललं.

"अहो बाई, पूजा चालू आहे!" साहेब ओरडले.

"हुंदे तुमची. माझी वॉर्डात हाय," ती म्हणाली आणि मला ढकलत निघाली.

मनुबाईच्या खाटेशी तिने हँडल बसवलं. हळदकुंकू तसंच होतं. पहिले दोन फेरे मी नुसती किंचाळले. मग हलले, आणि सहा वर्षांनी वर आले, थेट खाटेला लागले.

"मला उचलणार कोन?" मनुबाईने घाबरून विचारलं.

"कोन न्हाई. सरक."

चादर ओढली. मनुबाई अलगद माझ्यावर आली. कुणी वाकलं नाही, कुणी कण्हलं नाही. तिने हाताने खाटेची आणि माझी कड चाचपून पाहिली. मग म्हणाली, "एवढंच हुतं व्हय गं?"

रंगुबाईला रडू फुटलं.

हँडल आता माझ्याकडेच आहे. रंगुबाईने नाडीने घट्ट बांधून टाकलंय. मनुबाई काठी घेऊन चालते, कामावर नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, मला हार नको. तुम्ही कुणाला भेटायला हॉस्पिटलात गेलात आणि एखादी मावशी ओणवी होऊन पेशंट उचलताना दिसली, तर हँडल कुठे आहे, असं मोठ्याने विचारा. मनुबाई भीतीपायी विचारू शकली नाही, आणि मला तर तोंडच नव्हतं.