शब्दताईंचे दहा सेकंद

बाबांचं केस कापायचं दुकान चौकात, औषधांच्या दुकानाला लागून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं. गिऱ्हाईक केसांसाठी यायचं आणि गप्पांसाठी थांबायचं. बाबांची कात्री आधी दमेल की जीभ, यावर बाकड्यावरची मंडळी पैजा लावत. एका सकाळी अर्धी दाढी झालेल्या माणसाने त्यांना काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. त्याने आरशात पाहिलं. बाबांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि वस्तरा हातातून सुटला होता.

महिन्याभराने ते घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द उरले होते. "बघा ना." भूक लागली तरी "बघा ना", राग आला तरी "बघा ना". समजत मात्र सगळं होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होता.

धाकटी लेक त्यांच्याजवळ राहायची. ती कवळ्या तयार करण्याच्या कारखान्यात कामाला होती. लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि मेणात एकेक दात बसवायचा, असं तिचं काम. संध्याकाळी घरी आली की ती बाबांपुढे बसून "म्हणा, पाणी" म्हणायची. बाबा तिच्या ओठांकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघा ना."

रुग्णांच्या घरच्यांचा इंटरनेटवर एक मोठा ग्रुप होता. तिथे तिला शब्दताईंचं चॅनल कळलं. शब्दताई हे लोकांनीच ठेवलेलं नाव. त्या वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीण होत्या आणि आपले धडे फुकट टाकत. पांढरी भिंत, साधी खुर्ची. त्या कॅमेऱ्यात बघून हळू म्हणत, "केस विंचरायला घेतला..." आणि थांबत. पुरते दहा सेकंद, हसऱ्या चेहऱ्याने, घाई न करता. बघणाऱ्याने शब्द शोधायचा तो तेवढ्यात. सगळं कसब त्या थांबण्यात होतं.

आणि नेमकी तिथेच जाहिरात यायची. बाबांच्या ओठांवर "कं" तयार होत असायचा, मान पुढे आलेली असायची, आणि पडद्यावर कोणीतरी फरशा चकाचक करायला लागायचा. चौथ्या दिवशी बाबांनी डाव्या हाताने टेबलावरचा पेला भिंतीवर फेकला. मग रडले. धाकटीने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने लॅपटॉपवर अ‍ॅडब्लॉकर बसवला. जाहिराती साफ बंद झाल्या. पुढच्या आठवड्यात शब्दताई "केस विंचरायला घेतला..." म्हणून थांबल्या आणि बाबा म्हणाले, "कंगवा." मग स्वतःच दचकले. धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

इथवर तिचं काही चुकलं असं तिला कधी वाटलं नाही. चुकलं ते पुढे.

तिने ग्रुपवर अ‍ॅडब्लॉकर कसा बसवायचा ते सविस्तर लिहिलं. कुठे दाबायचं, काय निवडायचं, प्रत्येक पायरीचं चित्र. हजारो घरांतली माणसं तिच्यासारखीच वैतागलेली होती. आशीर्वादांचा पाऊस पडला. महिन्याभराने, ज्या कंपनीच्या साइटवर ताईंचे व्हिडिओ होते, तिची पाटी पडद्यावर झळकली: अ‍ॅडब्लॉकर बंद करा, नाहीतर व्हिडिओ दिसणार नाही. धाकटीने दोन संध्याकाळी खपून त्यावर तोड काढली आणि तीही ग्रुपवर टाकली. कंपनीने ती बंद पाडली, हिने दुसरी काढली. खरं सांगायचं तर तिला त्यात मजा यायला लागली होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कोणीतरी हुशार म्हणत होतं.

एका बाईने ग्रुपवर विचारलं, "पण ह्याने शब्दताईंचं नुकसान होत नाही का?"

धाकटीने लिहिलं, "एवढी मोठी कंपनी, तिच्या खिशाला आपण कुठलं भोक पाडणार?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रश्न होता ताईंचा आणि उत्तर दिलं कंपनीचं, हे लिहितानाच तिला जाणवलं होतं. तरी तिने ते पाठवलं.

एकसष्टाव्या धड्यानंतर शब्दताईंचा एक व्हिडिओ आला, त्यात धडा नव्हता. भिंत तीच, खुर्ची तीच.

"नव्वद धडे करायचं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते आता होणार नाहीत. आठवड्यातले दोन दिवस मी दवाखाना बंद ठेवून हे करत होते. जाहिरातींमुळे ते दोन दिवस निभत होते. आता बघणारे दुप्पट झालेत, पण जाहिराती जवळजवळ कोणालाच दिसत नाहीत. मी कोणाला दोष देत नाही. माझ्या थांबण्याच्या जागी जाहिरात घुसते, हे मला कोणीतरी कळवेपर्यंत माहीतच नव्हतं. कळल्यावर मधल्या सगळ्या काढून टाकल्या. चाळिसाव्या धड्यापासून फक्त सुरुवातीला एक ठेवली. तसं सांगितलंही होतं, पण बहुतेक उशीर झाला होता."

बाबा शेजारी बसून ऐकत होते. धाकटीने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने एका कवळीत वरचे दोन दात उलटसुलट बसवले. मास्तर, म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर, साचा डोळ्यांशी धरून म्हणाले, "ह्या गृहस्थाला हसायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागेल. काय झालंय तुला?"

"काही नाही," ती म्हणाली आणि दात पुन्हा मेणातून काढले.

घरी येऊन तिने अ‍ॅडब्लॉकर बंद केला आणि चाळिसावा धडा लावला. सुरुवातीला पंधरा सेकंद गादीची जाहिरात आली. मग शब्दताई आल्या आणि अर्धा तास चिटपाखरू मध्ये आलं नाही. एकेचाळिसावा लावला, बेचाळिसावा लावला. सगळे तसेच. धड्याआधी ताई दोन वाक्यं त्याबद्दल बोलतही होत्या. ती मात्र वेळ वाचवायला दर वेळी सुरुवात पुढे ढकलून थेट पहिल्या शब्दावर जायची. ज्या त्रासासाठी तिने हे सगळं केलं होतं, तो त्रास ताईंनी केव्हाच दूर केला होता. त्यानंतरच्या दोन्ही तोडी तिने त्रास नसतानाच काढल्या होत्या.

तिने बाबांना सगळं सांगितलं. ग्रुपवरचं, हसरे चेहरे, ते खिशाचं उत्तर. बाबा म्हणतील, जाऊ दे, तू माझ्यासाठीच केलंस, अशी तिला आशा होती. त्यांच्याकडे तेव्हा पन्नासेक शब्द होते. त्यांनी बराच वेळ घेतला.

"सांग," ते म्हणाले. मग हाताने मोठा गोल केला. "सगळ्यांना."

"लोक शिव्या देतील बाबा."

"बघा ना," बाबा म्हणाले, पण या वेळी ते त्यांनी मुद्दाम म्हटलं असावं.

तिने लिहिलं. आपण काय केलं, का केलं, कुठे चुकलं, चाळिसाव्या धड्यापासून मधे जाहिराती नाहीत, निदान ताईंच्या चॅनलसाठी तरी अ‍ॅडब्लॉकर बंद ठेवा. काहींनी बंद केला. एकाने लिहिलं, "आधी तुम्हीच चढवायचं आणि मग तुम्हीच उतरा म्हणायचं." एका मुलाने लिहिलं की त्याच्या आईने जाहिरातीवर चुकून दाबलं आणि कॉम्प्युटरच बसला, तो काही अ‍ॅडब्लॉकर काढणार नाही. त्याचंही खोटं नव्हतं. तिने आपले सगळे जुने मजकूर पुसले, पण लोकांनी ते केव्हाच उतरवून पुढे पाठवले होते. अनोळखी लोक अजूनही मधूनच तिचे आभार मानत.

मग तिने शब्दताईंना पत्र लिहिलं. चारदा फाडलं. पाचव्यांदा माफीचं एकच वाक्य ठेवलं आणि बाकी जे घडलं ते लिहिलं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. राग आला होता, आणि तो लगेच गेला असं म्हणणं खोटं होईल. ते दोन दिवस मी आता एका रुग्णालयाला दिलेत, तिथून परत येता येणार नाही. पुढच्या धड्यांची टाचणं सोबत जोडते. तुमच्या वडिलांसाठी तुम्हीच म्हणा. शब्द कोणीही म्हणू शकतं. थांबायला शिका."

धाकटीने बासष्टावा धडा टेबलावर ठेवला आणि बाबांपुढे बसली. "कुलूप उघडायला हवी..." ती म्हणाली. बाबांचे ओठ हलले. एक, दोन, तीन, चार. पाचाला तिच्या तोंडून निघून गेलं, "किल्ली." बाबांनी डावा हात उचलून तिला गप्प केलं, एखाद्या वळवळणाऱ्या गिऱ्हाइकाची मान धरावी तसं. पुन्हा पहिल्यापासून. दहा सेकंद किती लांब असतात ते तिला त्या आठवड्यात कळलं. पांढऱ्या भिंतीपुढे एकटीने, समोर कोणी नसताना, ताईंनी ते शेकडो वेळा काढले होते.

बाबांचे शब्द दीडशेपर्यंत गेले. पूर्ण वाक्य परत आलं नाही. ताई असत्या तर आलं असतं का, हे धाकटीला कोणीच सांगू शकणार नव्हतं.

उन्हाळ्यात ग्रुपवरच्या एका बाईने विचारलं, टाचणं तुमच्याकडे आहेत म्हणतात, माझ्या नवऱ्याला आणू का? धाकटीने ताईंना विचारलं, त्यांचा होकार आला. रविवारी सकाळी बाबांचं बंद दुकान उघडून तिने आरसा पुसला आणि त्या माणसाला एका खुर्चीत बसवलं. बाबा दुसरीत बसले.

धडा संपल्यावर ती बाई म्हणाली, "फार मोठं काम करताय तुम्ही."

"तसं म्हणू नका," धाकटी म्हणाली. "ताईंचे धडे ज्यामुळे बंद पडले, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," बाई नवऱ्याचा सदरा सारखा करत म्हणाली. "मी ते माझ्या तिन्ही नणंदांना पाठवलं होतं." तिने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग बाईने विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"

"दहाला," धाकटी म्हणाली, आणि खुर्चीची उंची त्या माणसाला उतरता येईल इतकी खाली केली.