ओवलेली सुई

थंडी सरली की घर आवरायला काढायचं, हा आईचा नेम. ती गेल्यावर पहिल्या वर्षी कुणाला कशाला हात लावावासाच वाटला नाही. यंदा मात्र दादानं आवरणं अंगावर घेतलं. अंगावर म्हणजे माझ्या अंगावर. मी चार दिवसांसाठी म्हणून बाबांकडे राहायला आले होते. दादा रोज सकाळी त्याच्या घरून यायचा आणि दारात उभा राहून उंटावरून शेळ्या हाकायचा.

"वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती बाहेर," तो म्हणाला. दादा एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर आहे. तिथे म्हणे असाच नियम आहे. आईला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे त्या नियमात तिचं सगळंच बसत होतं.

आमचे बाबा शिंपी. दुकान कधीच बंद केलं, पण पायमशीन अजून पुढच्या खोलीत खिडकीखाली आहे आणि मशीनच्या डाव्या अंगाला आईचं बुटकं स्टूल. बाबा मशीन मारायचे, आई त्या स्टुलावर बसून काज-बटणं करायची. काम संपवून उठताना ती एक गोष्ट कधी चुकली नाही. दोऱ्याला मेण लावून सुई ओवायची, शेवटाला गाठ मारायची आणि सुई टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवायची. बाबांना तेव्हापासूनच सुईचं नेढं दिसत नव्हतं, आणि शिंप्यानं गिऱ्हाइकासमोर तसं कबूल करायचं नसतं. गिऱ्हाईक आलं की बाबा ऐटीत ती सुई उचलायचे आणि टाका घालायला लागायचे. "मास्तर, या वयात काय नजर आहे हो तुमची!" असं कुणी म्हटलं की आई मान खाली घालून हसायची.

आता तर बाबांना समोरच्याचं नाकही धड दिसत नाही. नुसत्या सावल्या दिसतात. घर पायाखालचं आहे म्हणून निभतंय. हे मला माहीत आहे, दादाला नाही. "त्याला बोलू नकोस हं," बाबांनी मला बजावलं होतं. "कळलं तर मला उचलून त्या वृद्धाश्रमात ठेवेल. मला इथेच राहायचंय." दादानं वृद्धाश्रम बघूनही ठेवला होता. फार छान बाग आहे तिथे, असं वहिनी सांगत होती. बाग काय चाटायचीय बाबांना?

पहिल्या दिवशी आम्ही पोती भरली. चिंध्या, बटणांचे डबे, कागदाचे पिवळे पडलेले साचे. बाबा खुर्चीत बसून होते. दादानं स्टूल उचललं तेव्हा मात्र आवाजावरून त्यांना कळलं.

"ते राहू दे की रे."

"बाबा, येता-जाता सगळ्यांना त्याची ठेच लागते."

हे अगदी खरं होतं. त्या स्टुलानं घरातल्या एकाचाही अंगठा सोडला नव्हता. दादानं ते खाली नेऊन जिन्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी ठेवलं. रिकामा कोपरा बघून मलाही जरा बरंच वाटलं, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात ब्रश घेऊन पुढच्या खोलीत आले आणि पायाला ठेच लागली. "आई गं!" असं ओरडले आणि मग खाली बघितलं. स्टूल जागेवर होतं.

दादा आला आणि त्याचं टाळकंच सरकलं. "बाबा! कचऱ्यातून वस्तू उचलून आणता? लोक काय म्हणतील?"

"मी नाही आणलं."

"मग काय चालत आलं? चार पाय आहेत म्हणून?" तो माझ्याकडे वळला. "ही सगळी डोकं ठिकाणावर नसल्याची लक्षणं आहेत. पुन्हा असं झालं तर मी कुणाचंही ऐकणार नाही. सरळ आश्रम."

मलाही वाटलं, बाबांचंच काम. हट्टी आहेत मुळात. दादाची पाठ वळल्यावर मी त्यांना चांगलंच झापलं. "अहो, माकडाच्या हातात कोलीत कशाला देता? एका स्टुलापायी घर घालवाल!"

"मी जिना उतरलोच नाही गं," ते म्हणाले. पण चेहरा असा खुललेला, की माझी खात्रीच पटली.

त्या दिवशी दादानं स्टूल स्वतः उचलून गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याकडे नेऊन टाकलं. जाताना टाचण्यांची उशीही एका पोत्यात कोंबून नेली. रात्री मी बाबांच्या खोलीला आतून साखळी घातलेली ऐकली, बाहेरच्या दाराला स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या उशाखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टूल जागेवर होतं. त्यावर उशी होती. उशीत सुई होती, आणि सुईत काळा दोरा.

किल्ली उशाखालीच होती, आत्ताच मी बघून आले होते. दोरा बोटात धरला तर मेणानं गुळगुळीत लागला. टोकाला गाठ होती. आई डावखुरी, तिची गाठ उलट्या अंगानं पडायची. आम्हा दोघांना लहानपणी ती सुटता सुटायची नाही. तशीच गाठ. मला भीती वाटली. आपल्याच आईची भीती वाटते याची लाजही वाटली, पण अंगावरचा काटा काही जाईना.

तेवढ्यात जिन्यात दादाची पावलं वाजली. बाबाही काठी टेकत बाहेर आले.

आता बघा माझी पंचाईत. हे बाबांनी केलेलं नाही हे सिद्ध करणं सोपं होतं. बाबांच्या हातात सुई द्यायची आणि म्हणायचं, ओवून दाखवा. पण मग दादाला त्यांची नजर कळणार, आणि त्याचाही शेवट आश्रमच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादा दारात उभा राहिला, त्यानं स्टूल बघितलं आणि सरळ खिशातून फोन काढला.

"फोन ठेव," मी म्हटलं. "मी आणलं."

"काय?"

"काल मी आणलं, परवाही मीच. आईचं आहे, नाही टाकवत. बाबांचा काही संबंध नाही."

"आणि काल त्यांना बोलणी खाऊ दिलीस? शहाणी आहेस का?" मग तो बरंच काही बोलला. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी दमला आणि म्हणाला, "ठेवा ते लाकूड उराशी धरून! मला पुन्हा आवरायला बोलावू नका." दार आपटून गेला. आश्रमाचा विषय निदान आजपुरता तरी मिटला होता.

मी हुश्श करून वळले. बाबा होते तिथेच उभे होते. चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं होतं.

"तू आणलंस होय," ते म्हणाले. "बरं झालं. मला आपलं उगीच वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. म्हाताऱ्याला काहीही वाटतं."

घर राखायला गेले आणि त्यांच्याजवळ उरलेलं तेवढंच काढून घेतलं. "बाबा, मी खोटं बोलले! मी नाही आणलं. शप्पथ."

"समजूत काढू नकोस, पोरी."

मी किल्लीचं सांगितलं, गाठीचं सांगितलं. ते नुसती मान हलवत राहिले, लहान मूल थापा मारतं तेव्हा आपण हलवतो तशी. मग चाचपत पुढे झाले, उशीतली सुई उचलली आणि तिच्यातला दोरा ओढून काढला. तो बोटाला गुंडाळून खिशात टाकला आणि नुसती सुई परत खोचली.

"चल, चहा ठेव," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात ते माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे होते. मी मुद्दाम त्यांच्यावरून नजर काढली नाही. घरात तिसरं कुणी नव्हतं. चहा उकळून वर आला, गाळला, कप घेऊन आम्ही पुढच्या खोलीत आलो. बाबांनी हात उशीकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"तूच बघ," ते म्हणाले. "मला काही दिसत नाही."

मी वाकून बघितलं.

"आहे?"

"आहे, बाबा. या वेळी पांढरा आहे."

त्यांनी बोटानं दोरा चाचपला, टोकापर्यंत. गाठीपाशी बोट बराच वेळ थांबलं. मग ते मशीनसमोर आपल्या खुर्चीवर बसले आणि डावीकडे, स्टुलाकडे तोंड करून म्हणाले, "अगं, आता काम कुठलं? कप्पाळ माझं! बस जरा निवांत."

मी स्टुलाशेजारी भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि स्टूल आणि भिंत यांच्यामधली जागा अरुंद आहे. मी पाय जवळ घेतले.