भिवासाठी मोकळी खोली

बायकोचा, कस्तुराचा जलदानविधी उरकून भिवा माणदेशातल्या गावाहून भोसरीला परतला, तेव्हा खोलीतला माठ भरलेला होता, कोपऱ्यात भाकरी-कालवण झाकून ठेवलं होतं आणि माणूस एकही नव्हता.

एरवी त्या खोलीत कोणी ना कोणी घोरत असायचंच. भिवा, ज्योतीराम आणि वयानं थोरले बबनराव एकाच कंपनीत होते, पण पाळ्या वेगळ्या. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणात शिरायचा. भिवाची बायको गेल्याचं कळलं आणि बबनरावांनी फर्मान काढलं, "त्याला एकट्याला रडू द्या. बाप्या माणूस चारचौघांत रडत न्हाई." साहेबाच्या हातापाया पडून त्यांनी स्वतःला आणि ज्योतीरामला दुपारची पाळी मागून घेतली. सकाळपाळी करून भिवा आला की खोली सगळी त्याची. रात्री दोघे परतायचे तेही दिवा न लावता, चोरपावलांनी. माणसं सोन्यासारखी, फक्त भिवाला काय हवंय हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

त्याला कस्तुराबद्दल बोलायचं होतं. गावात सगळे तिला ओळखत होते, म्हणून तिथं कोणी विचारलं नाही. इथं तिला कोणी पाहिलेलंच नव्हतं, आणि विचारायला कोणी जागेवर नव्हतं.

काही दिवस त्यानं कसेबसे काढले. मग एका दुपारी पाळी सुटल्यावर तो फाटकातच थांबला आणि आत निघालेल्या ज्योतीरामचा हात त्यानं धरला.

"आज आत जाऊ नको."

"का रं? जेवण ठेवलंय की झाकून."

"जेवण नको. खोली खायला उठती. माझ्याजवळ बस जरा."

भोंगा झाला. ज्योतीराम घुटमळला, मग खाडा पडला तर पडो म्हणून मागे फिरला. दोघे समोरच्या लिंबाखाली बसले. ज्योतीरामनं बिडी पेटवून त्याच्या हातात दिली.

"सांग. कशी होती वहिनी?"

भिवाचा बांध फुटला. ती डावखुरी होती, त्यावरून सासू तिला बोलायची. लोणचं चोरून खायची आणि पकडली गेली की हसत सुटायची. एसटी वळणाआड जाईपर्यंत ती बांधावर उभी राहायची. भिवा हसला, रडला, बाहीला नाक पुसलं. आणि एकाएकी थांबला. बिडी अजून निम्मी होती.

"मग?" ज्योतीराम म्हणाला. "सांग की. आजचा दिवस आपलाच हाय."

भिवानं खूप आठवून पाहिलं. अंगाची हळद उतरली नाही तोच बहात्तरच्या दुष्काळानं त्याला भोसरीत आणून टाकलं होतं. तिला इकडं आणायचं दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. ती रागावली की किती वेळ गप्प बसायची, एकटी असताना काय गुणगुणायची, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"मग काय," तो म्हणाला, "मग माझी रजा संपायची."