चतुराच्या पंखावरचा पाचवा डाग

"हा पाचवा डाग कुठून आणलास?" भिंगकाकांनी विचारलं.

भिंगकाका आमच्या संग्रहालयात कीटकांची चित्रं तपासतात. खिशात कायम भिंग, म्हणून हे नाव. बावीस वर्षं झाली, चित्रं मी काढते आणि चुका ते काढतात. या वेळी टेबलावर चतुर होता. टपोरे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले, सहा काटेरी पाय, दहा खंडांचं काडीसारखं पोट आणि जाळीदार, पारदर्शक असे चार पंख. प्रत्येक पंखाच्या टोकाशी एकेक काळा डाग, म्हणजे एकूण चार. माझ्या चित्रात मागच्या पंखाच्या बुडाशी आणखी एक होता, करडा, कडा विरलेला. ते बुड मी आज सकाळी सर्वांत शेवटी काढलं होतं.

"नमुन्यात आहे म्हणून काढला," मी फणकारले. "डोळे तपासून घ्या, काका."

"अगं, तिथे काही नाहीये."

हे वाक्य माझं होतं. तीन वर्षांपूर्वी आई जेवणाच्या टेबलावरचा एक डाग रोज ओल्या फडक्याने पुसायची. पुसून पुसून पॉलिश गेलं. "आई, तिथे काही नाहीये, का उगाच घासत बसतेस?" असं मी तिच्यावर खेकसायचे. चार महिन्यांनी कळलं, डाग तिच्या डोळ्यांत होता. आता ती मला आवाजावरून ओळखते.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आमची जुनी पद्धत अशी की डावा डोळा नळीला, उजवा कागदावर, दोन्ही उघडे. एकाने बघायचं, दुसऱ्याने काढायचं. डावा डोळा एकटा कागदाकडे कधी बघतच नाही.

डाग होता. हुश्श झालं. मग मी नमुना किंचित सरकवला. पंख सरकला, डाग जागचा हलला नाही.

उजवा डोळा हाताने झाकून मी कोऱ्या कागदाकडे पाहिलं. तिथेही तो. भिंतीवरही. काकांच्या चेहऱ्यावर, नाकाच्या जागी. चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगं असतात, दहा-वीस गेली तरी त्याचं काय अडणार? मला डोळे दोनच, आणि चित्र काढण्यापलीकडे मला काही म्हणजे काही येत नाही.

काकांनी खोडरबर उचललं होतं. माझ्याकडे पाहून ते त्यांनी हळूच खाली ठेवलं.

मी घरी फोन लावला.

"आई, तुला तो डाग सुरुवातीला केवढा दिसायचा?"

तिने उलट मलाच विचारलं.

"कुठल्या डोळ्यात गं?"

"डाव्या. आई, मला खूप भीती वाटतेय."

"वाटू दे. पर्स उचल आणि अशीच्या अशी डॉक्टरकडे जा. मी चार महिने टेबल पुसत बसले, तू चार मिनिटंसुद्धा बसू नकोस!"

ती माझ्यावर खेकसली, मी तिच्यावर खेकसायचे तशीच. मी उठले तेव्हा काका माझी पर्स हातात धरून दाराशी उभे होते.